ब्रेडचं काहीतरी

गेल्या रविवारी नणंदेचा फोन आला. नाताळच्या सुट्टीत सगळे तिच्याकडे जमतात, तेव्हा कोणी काय करून आणायचं हे ठरवायला. पुलाव तिच्याकडे, उंधियो जावेकडे, कोशिंबीर धाकट्या भाचेसुनेकडे. माझी पाळी आली तशी म्हणाली, "वहिनी, तुम्ही ते तुमचं ब्रेडचं काहीतरी आणा."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पण ते 'काहीतरी' दिवसभर कानात राहिलं. पुलावाला पुलाव म्हणतात, उंधियोला उंधियो म्हणतात. कोशिंबीर पाच मिनिटांत होते, तरी तिला तिचं नाव मिळतं. मी जे करते त्याला पाच दिवस लागतात. शिळा पाव, संत्र्याची साल आणि रम यांचं ते पुडिंग आहे. तीस वर्षं मी ते याच माणसांना खाऊ घालते आहे आणि अजून त्याचं नाव कोणाच्या तोंडात बसलेलं नाही. याचं मला वाईट वाटतं आणि ते एकदा सांगून टाकायचं आहे.

हा पदार्थ मी गिरगावात शिकले. आमची चाळ खोताच्या वाडीला लागून होती आणि वाडीतल्या एका लाकडी जिन्याच्या घरात एक ईस्ट इंडियन आंटी राहत. मुंबईच्या या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. घरातली बोली मात्र मराठीच राहिली. आंटी माझ्याशी मराठीतच बोलत. नाताळच्या आठवडाभर आधी त्यांच्या ओट्यावर काचेची बरणी दिसायची, रममध्ये बुडवलेल्या संत्र्याच्या सालींची. शेजारी सुपात पावाचे तुकडे पसरलेले, वर मलमलचं फडकं. एकदा मी विचारलं, आजच का नाही करत? तर म्हणाल्या, "पाव अजून ताजा आहे. घाई असेल त्याने शिरा करावा."

ते वाक्य मी आजवर पाळत आले. अडचण अशी की आता पाव शिळाच होत नाही.

मागच्या वर्षी गुडघा दुखत होता, बेकरीपर्यंत चालवेना, म्हणून मॉलमधला कापलेला पांढरा ब्रेड आणवला. सोमवारी आला. गुरुवारी पाकीट उघडून एक स्लाइस बोटाने दाबला, तर दाबलेला खड्डा हळूहळू वर आला आणि स्लाइस पुन्हा सपाट झाला. शुक्रवारी तेच. शनिवारी सकाळी एका कडेला हिरवा ठिपका दिसला. म्हणजे तो ताजा होता आणि मग एकदम नासला. मधली जी शिळेपणाची अवस्था, जिच्यावर हा सगळा पदार्थ उभा आहे, ती त्याला आलीच नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत कारणं लिहिलेली असतात. कॅल्शियम प्रोपिओनेट बुरशी लांबवतं, आणि इमल्सिफायर म्हणून लिहिलेले घटक आतला भाग मऊ ठेवतात. शाळेच्या डब्याला ही सोय आहे, ते मला मान्य आहे. पण हा ब्रेड दुधात टाकला की त्याची पेज होते. पाच मिनिटांत कडा विरघळतात, दहा मिनिटांत तुकडा उचलायला जावं तर चमच्यात लगदा येतो.

शिळा म्हणजे सुकलेला, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. बुसिंगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ सालीच दाखवून दिलं होतं की पाण्याचा थेंबही न गमावता पाव शिळा होतो. भट्टीत पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि सैल होतो. पाव निवला की तोच स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट रचला जातो. या घट्ट झालेल्या पावाला दूध पिता येतं आणि पिऊनही आपला आकार धरून ठेवता येतो. पुडिंगला नेमकं हेच लागतं. स्टार्चची ही घट्ट होण्याची क्रिया फ्रीजच्या थंडाव्यात सगळ्यात वेगाने होते. तरी घरोघरी 'पाव ताजा राहावा म्हणून' फ्रीजमध्ये ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी तो चामट झाला की बेकरीवाल्याला नावं ठेवतात. फ्रीज बुरशी थांबवतो, शिळेपणा थांबवत नाही, उलट वाढवतो. मी हे निदान दहा जणांना समजावून सांगितलं असेल. दहाही जण मान डोलावतात आणि पाव फ्रीजमध्येच ठेवतात.

मग सरळ बेकरीतून कालचा पाव आणावा, तर तिथे वेगळंच दुःख. आमच्या इथल्या बेकरीत मी विचारलं, "भाऊ, कालचा पाव आहे का?" गल्ल्यावरच्या माणसाचा चेहरा उतरला. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे शिळा माल नसतो." त्याला वाटलं मी त्याच्या मालावर संशय घेते आहे. मी म्हटलं, मला शिळाच हवा आहे, पुडिंगला लागतो. त्याने आतल्या पोऱ्याला हाक मारून गरम लादी आणवली, माझ्यासमोर एक पाव मोडून वाफ दाखवली आणि लादी कागदात गुंडाळून हातात दिली. मागे सात-आठ माणसं उभी होती. मी पैसे दिले आणि आले. त्या लादीला शिळी करण्यात माझे दोन दिवस गेले. त्याच्या अब्रूला धक्का लावायचा माझा हेतू नव्हता, आणि मला जे हवं होतं ते त्याच्या मागच्या फळीवर नक्की होतं.

लादीबरोबर मी दोन ब्रुन पावही घेते. लादीपावाला साल अशी नसते, सगळीकडून मऊ. ब्रुनची कडक पाठ पुडिंगच्या वरच्या थरात आली की भाजल्यावर कुरकुरते. सुरी लावली की ब्रुनच्या पाठीचे कपचे ओटाभर उडतात. तेही गोळा करून वर पेरायचे. ब्रुन भाजणाऱ्या मुंबईतल्या लाकडाच्या भट्ट्या आता जात आहेत. २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सहा महिन्यांची मुदत दिली. हवा स्वच्छ व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. ब्रुनची ती पाठ मात्र तशीच राहावी, एवढी माझी इच्छा आहे.

पावाचा विषय निघाला की पंगतीत कोणीतरी हमखास सांगतं, "पायाने पीठ तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात." दर वर्षी. हे खोटं आहे. पोर्तुगीजांच्या भाषेत या पदार्थाला जो शब्द आहे त्यावरून आपण पाव म्हणायला लागलो. गोव्यात पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्या सवयीचं खमीर इथे नव्हतं, म्हणून माडाची ताडी, ज्याला गोव्यात सूर म्हणतात, ती घालून पीठ फुगवलं जायचं. गोव्याच्या पोदेरांचा, म्हणजे पाववाल्यांचा, पाव कित्येक पिढ्या सुरावर फुगला. म्हणजे आपल्याकडचा पाव जन्मालाच ताडी पिऊन आला. तेव्हा "शी, पावात दारू?" असं म्हणून जे नाक मुरडतात, त्यांनी रोजच्या पावाचं घराणं एकदा पाहावं.

आता संत्र्याचं. याबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे.

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या सुमाराला बाजारात येऊ लागतात आणि नाताळापर्यंत असतात. साल सैल, देठाकडे किंचित उंचावलेली, हातात घेतलं तर आत फळ सुटं असल्याचं जाणवतं. पण 'नागपुरी' अशी पाटी लावून जे ढीग रचलेले असतात त्यांत निम्म्या वेळा किन्नू असतो. किन्नू वाईट फळ नाही. कॅलिफोर्नियात दोन जातींच्या संकरातून ते तयार झालं, १९३५ साली लागवडीसाठी दिलं गेलं, आणि पंजाबात चांगलं रुजलं. रसाला उत्तम. पण त्याची साल फळाला चिकटून असते, रंग गडद आणि चकचकीत, बिया पुष्कळ, आणि सालीचा वास वेगळा. किन्नूला किन्नू म्हणून विकावं, मी विकत घेईन, सकाळी रस काढून पिईन. त्याच्यावर नागपूरचं नाव घालणं म्हणजे विदर्भातल्या शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढणं आहे. मी फळवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, खायला गोडच आहे ना?" मला खायचं नव्हतं. मला साल हवी होती. साल घेण्यासाठी कोणी संत्रं आणतं, हेच लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

खरं म्हणजे संत्र्याचा जीव सालीत आहे. नख रुतवून साल वाकवली आणि मेणबत्तीसमोर धरून चिमटली, तर तेलाचे तुषार उडून ज्योतीत ठिणग्या पेटतात. लहानपणी हा खेळ आम्ही सगळ्यांनी केला आहे. ते तेल वरच्या केशरी थरात बारीक पिशव्यांमध्ये भरलेलं असतं. खालचा पांढरा पापुद्रा कडू. केशरी तेवढं घ्यायचं आणि पांढऱ्याला हात लावायचा नाही, एवढंच काम. आणि नागपुरी संत्र्याच्या बाबतीत हे काम फार अवघड, कारण साल सैल असल्यामुळे सोलाण्याखाली सरकते. पातं अडकतं, सुरकुती पडते, आणि पुढच्या ओढीला पांढरं सगळं निघून येतं. यावर उपाय मला दहा-बारा वर्षांनी सापडला. संत्री रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची. गार झाली की साल जरा ताठ होते. मग डाव्या हाताने फळ मुठीत घट्ट आवळून, देठापासून खाली, बोटाच्या रुंदीच्या पट्ट्या काढायच्या. पट्टीच्या आतल्या बाजूने केशरी ठिपक्यांची जाळी दिसली की काम बरोबर झालं. पांढरा कापूस दिसला तर सुरी आडवी धरून तो खरवडून काढायचा. चार संत्र्यांना मला पाऊण तास लागतो.

आणि हे सगळं टाळायचं म्हणून मी एकदा बाजारातून 'ऑरेंज पील' लिहिलेलं पाकीट आणलं. साखरेत मुरवलेली साल. उघडून एक तुकडा दातांखाली धरला. तो करकरला, गोड लागला, आणि संपला. ना कडवटपणा, ना तेल. कच्च्या पपईचे केशरी रंगवलेले तुकडे होते ते, ज्याला आपण टुटीफ्रुटी म्हणतो तेच. टुटीफ्रुटी म्हणून ती दहा रुपयांत मिळते. मी साठ दिले होते.

आपल्याकडे लिंबूवर्गाच्या फळांचा मान किती मोठा आहे हे आठवलं की अशा वेळी जास्त लागतं. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात म्हाळुंग आहे. म्हाळुंग म्हणजे जवळजवळ सगळं सालच, आत रस नावाला. त्या फळाला देवीच्या हातात जागा मिळाली. आणि आपण संत्र्याची साल गाडीच्या खिडकीतून बाहेर फेकतो.

काही पाककृतींत दुधात संत्र्याचा रस घाला असं लिहिलेलं असतं. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी ते करून पाहिलेलं नसावं. दुधाचा पीएच साधारण साडेचारपर्यंत उतरला की त्यातलं केसीन एकत्र येऊन गुठळ्या धरतं, म्हणजे दूध फाटतं. संत्र्याचा रस त्याहून आंबट. भाजल्यावर ते पुडिंग कणीदार होतं आणि तळाशी पाणी सुटतं. मी विश्वासाने एकदा केलं, एक लिटर दूध आणि चार अंडी गेली. दुधात साल जाते, रस नाही. रसाची जागा वरच्या सॉसमध्ये, जिथे लोणी, साखर आणि रम असते आणि दूध नसतं.

रमकडे येते. संत्र्याच्या सालीतलं तेल पाण्यात विरघळत नाही, दारूत विरघळतं. रम घालण्याचं कारण एवढं सरळ आहे. आपल्याकडच्या साध्या काळ्या रममध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो. त्यात साल पाच दिवस राहिली की पट्ट्या कडक आणि फिकट होतात, तेल सगळं रममध्ये उतरतं, आणि बरणीचं झाकण उघडल्यावर आधी संत्रं येतं, मग गूळ, मग रम. फ्रेंच लोक हेच कोन्याक आणि कडू संत्र्यावर करतात. १८८० सालापासून ग्राँ मार्निए ही त्यांची दारू त्याच तत्त्वावर बनते आहे. न्यू ऑर्लिन्सला तर ब्रेड पुडिंगवर व्हिस्कीचा सॉस ओतल्याशिवाय ते पानात येत नाही. माझी भाची परदेशी मासिकातली कृती दाखवून म्हणते, "मावशी, यात ती फ्रेंच बाटलीच लागते." लागत नाही. नागपूरचं संत्रं आणि क्वार्टरभर रम एवढ्यात ते होतं, फक्त पाच दिवस थांबायची तयारी हवी.

पण रम आणायची कोणी? महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून आहे. दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि रमसारख्या कडक दारूसाठी वयाची अट पंचवीस आहे. माझं वय बासष्ट आहे, परवाना मी रीतसर काढलेला आहे. दुकानात गेले की काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे न बघता माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघतो. मग विचारतो, "काकांसाठी का?" मी म्हणते, पुडिंगसाठी. तो बाटली वर्तमानपत्रात गुंडाळतो, तिच्यावर काळी पिशवी, पिशवीला गाठ, आणि काउंटरच्या खालच्या बाजूने माझ्या हातात सरकवतो. याच हाताने मी शेजारच्या दुकानातून उघडपणे लोणी आणि अंडी घेऊन आलेली असते. १८० मिलिलिटर रमसाठी मला लपतछपत घरी यायला लावणं मला पटत नाही.

२०२४च्या नोव्हेंबरात तर फार जिवाला लागलं. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. नागपुराहून एका परिचितांनी १८ तारखेला सकाळी संत्र्यांची पेटी आणून दिली, झाडावरून उतरवून दोनच दिवस झालेली. रात्रभर फ्रीजमध्ये राहू देण्याइतकाही मला धीर निघाला नाही, दोन तास गार केली आणि दुपारभर बसून आठ संत्र्यांच्या पट्ट्या काढल्या. संध्याकाळी सव्वासहाला दुकानाशी पोचले तर शटर खाली. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूची दुकानं बंद असतात, आणि ती मुदत सहाला सुरू झाली होती. नियम योग्य आहे, निवडणुकीत दारू वाटली जाऊ नये. पण त्या पट्ट्या मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि २१ तारखेला उघडल्या तेव्हा कडा तपकिरी होऊन वळल्या होत्या, वास निम्मा गेला होता. आठ संत्र्यांची साल. त्या वर्षीचं पुडिंग मी केलं, लोकांनी खाल्लं, छान म्हणाले. मला माहीत होतं ते किती उणं होतं.

या सगळ्यावर लोकांचा एकच उपाय, "एसेन्स घाला ना." रम एसेन्स आणि ऑरेंज एसेन्स, दोन्ही वीस-वीस रुपयांना मिळतात. ऑरेंज एसेन्सला लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा वास येतो. रम एसेन्सला कशाचा येतो ते सांगता येत नाही, रमचा येत नाही. थेंबाने पदार्थ करायचा असेल तर पाव तरी कशाला हवा?

दुसरा प्रश्न लहान मुलांचा, आणि तो मी हलका घेत नाही. कोणीतरी म्हणतं, "भाजलं की दारू सगळी उडून जाते, मुलांना द्या." मद्यार्क ७८ अंशांना उकळतो हे खरं, पण पाण्यात आणि दुधात मिसळलेला मद्यार्क इतक्या सहज सुटत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने यावर तक्ता प्रसिद्ध केलेला आहे. अर्धा तास भाजल्यावर साधारण ३५ टक्के उरतो, तासाभराने २५ टक्के. मी पुडिंगमध्ये ६० मिलिलिटर रम घालते. तिच्यात मद्यार्क साडेपंचवीस मिलिलिटरच्या आसपास. पाऊण तास भाजल्यावर त्यातला आठ मिलिलिटरच्या जवळ उरत असणार, आणि आठ वाट्यांत वाटला तर वाटीला एक. मोठ्या माणसाला हे काहीच नाही. पण 'उडून गेली' हे सांगणं खोटं आहे आणि मुलांच्या आयांना मी खोटं सांगणार नाही. सॉसमध्ये तर रम आच बंद केल्यावर घालतात, तिथली बरीचशी तशीच राहते. म्हणून मी मुलांसाठी वेगळं भांडं करते, रमशिवाय, साल साखरेबरोबर खलबत्त्यात कुटून. दाणेदार साखर सालीतलं तेल ओढून घेते, साखर ओलसर आणि पिवळी होते, घर भरून वास सुटतो. दोन भांडी, दोन कागद, दोन्हींवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी. तरी गेल्या वर्षी कोणीतरी एकच चमचा दोन्हीकडे फिरवला.

बाकी कृतीत सांगण्यासारखं थोडं आहे. पाऊण लिटर दूध, चार अंडी, दीडशे ग्रॅम साखर, पन्नास ग्रॅम लोणी, मूठभर तासगावचे बेदाणे त्याच रममध्ये रात्रभर फुगवलेले. पाव दुधात निदान एक तास भिजला पाहिजे. मोठ्या ताटलीत पाणी घालून त्यात भांडं ठेवायचं आणि १६० अंशांवर पाऊण तास भाजायचं, मधला भाग किंचित थरथरतो आहे तोवर बाहेर काढायचं. पाणी नसेल तर कडेची अंडी आधी आवळतात आणि भोकं पडतात. ओव्हनची कळ १६० दाखवते तेव्हा आत १९० असतात, म्हणून मी थर्मामीटर आत ठेवते. घरातले लोक दर पाच मिनिटांनी दार उघडून "झालं का?" बघतात, त्याने आतली उष्णता जाते. त्यांना मी सांगून थकले आहे.

आता या आठवड्याचं.

नणंदेचा फोन झाला त्याच दिवशी मी बरणी लावली. यंदाची संत्री फार सुरेख होती, घट्ट सालीची, देठाजवळ अजून हिरवट. पट्ट्या एकसारख्या निघाल्या, पांढरं जवळपास नाहीच. बरणी ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवली, सकाळ-संध्याकाळ हलवून ठेवत होते. तिसऱ्या दिवशी रमला वास धरला होता. चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेले, माझ्या मागे जाऊ आली, तिने मायेने ओटा आवरून ठेवला. घरी आले तर बरणी घासून पालथी घातलेली. "अहो, त्यात कसल्या तरी साली कुजत होत्या, ओतून टाकल्या," ती म्हणाली. "आणि केवढा वास येत होता."

मी काही बोलले नाही. तिने ओटा फार स्वच्छ पुसला होता, बेसिनची जाळीसुद्धा काढून घासली होती. जाळीच्या कडेला सालीचा एक तुकडा अडकून राहिला होता, नखाएवढा. तो मी उचलला आणि वास घेतला. सगळं त्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चार संत्री आणली, पुन्हा दुकानात गेले, काळी पिशवी घेऊन आले. बरणीवर आता कागद चिकटवला आहे: 'संत्र्याची साल. रममध्ये आहे. ब्रेड पुडिंगसाठी. फेकू नये.' पाव सुपात पसरलेला आहे. आज तिसरा दिवस.